चहाचा पेला दाजींनी ठेवला होता

दाजी गेले त्या सकाळी मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात दीडशे मुलामुलींना माणसं कशी जोडावीत हे शिकवत होतो. माझा धंदाच तो. ऑनलाइन व्यावसायिक नेटवर्क कसं उभारायचं, स्वतःचं प्रोफाइल कसं लिहायचं, कुणाला विनंती पाठवायची आणि पाठवताना कोणती दोन वाक्यं लिहायची, हे मी गेली आठ वर्षं कॉलेजांत आणि कंपन्यांत सांगत फिरतो. भाषणाच्या मध्यावर मी माझंच पान पडद्यावर दाखवतो. एकतीस हजार माणसं जोडलेली दिसली की पोरं 'ओऽऽ' करतात, आणि तो 'ओ' नीट ऐकू यावा म्हणून मी क्षणभर थांबतो. त्या दिवशी तो आकडा पडद्यावर असतानाच खिशातला फोन थरथरला. भाची मनीषा होती. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा नुसता मेसेज आला. "मामा, बाबा गेले. पडेगावला या." तो वाचून मी फोन खिशात ठेवला आणि भाषणाची उरलेली वीस मिनिटं पूर्ण केली. टाळ्याही घेतल्या. हे आजपर्यंत मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव सोपानराव, पण माझ्या तोंडी कायम दाजी. कॉलेजातून पडेगावला जाताना रिक्षात मला रडू आलं नाही. मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. अकरा महिन्यांपूर्वी मी दाजींना ऑनलाइन माझ्या यादीतून काढून टाकलं होतं. नुसतं काढलं नव्हतं, ब्लॉक केलं होतं, म्हणजे त्यांना मी दिसणार नाही, माझं लिखाण दिसणार नाही, शोधलं तरी सापडणार नाही. ही साइट असं काही केलं तर समोरच्याला कळवत नाही. तेवढ्याच भरवशावर मी होतो. दौलताबादच्या रस्त्याला रिक्षा लागली तेव्हा मी मनातल्या मनात देवाला एवढंच म्हणत होतो, की त्यांना ते कळलेलं नसू दे. मेहुणा मेलाय आणि आपण काय मागतोय, याची लाज वाटायलाही तेव्हा सवड नव्हती. ती नंतर आली, आणि अजून गेलेली नाही.

दाजींचं घर मेंढपाळांचं. तसं आमचंही, पण आमचे वडील लवकर शहरात आले, शाळेत शिपाई म्हणून चिकटले, आणि आम्ही पुंडलिकनगरातले झालो. मी तर बोलणंही बदललं. हाय-नाय सोडलं, आहे-नाही धरलं. दाजींचे वडील मात्र शेवटपर्यंत मेंढरांमागं हिंडले. अक्काच्या लग्नानंतर मी सुट्टीत त्यांच्या तळावर राहायला जायचो. संध्याकाळी मेंढरं परत यायची ती सुताच्या जाळीच्या कुंपणात घालायची, त्याला वाघर म्हणतात. म्हातारा वाघरीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराचं तोंड बघायचा. मी एकदा विचारलं, किती आहेत हो? म्हातारा माझ्यावर असा उखडला, की मी रडायलाच लागलो. मग दाजींनी मला बाजूला घेऊन समजावलं. "मेंढरं मोजायची नसत्यात रं. मोजली की कमी व्हत्यात म्हनत्यात. तोंड वळखायचं. कोन आलं नाय त्ये आपसूक कळतं." आणि एखादं आलं नसेल तर? "तर मागं जायचं हुडकायला. आन् घावलं की मारायचं नाय. चुकल्यालं मेंढरू आधीच भ्यालेलं असतं." मी तेव्हा पाचवीत होतो. माणसं जोडण्याबद्दल पुढं मी जे काही वाचलं आणि शिकवलं, त्या सगळ्याच्या आधी हे ऐकलं होतं, आणि विसरलो होतो.

दाजी स्वतः मेंढरांमागं गेले नाहीत. दहावी झाले, आयटीआय केलं आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले. पत्र्याला ठोकून आकार देणारं ते अवाढव्य यंत्र. त्यात साचा बसवायचा, नीट बसलाय का बघायचं, हे त्यांचं काम. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. ते प्रेसचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. त्याचं त्यांना काही विशेष वाटायचं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेले लोक पुढं साहेब झाले, आणि दाजी ज्या बाकावर डबा खायचे त्याच बाकावरून निवृत्त झाले. निरोपाला एक घड्याळ मिळालं. ते त्यांनी भिंतीला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते त्यांना कळेना. अक्का म्हणायची, "घरात नुसते भित्तीला कान लावून बसत्यात. शेजारची गिरणी घरघरती म्हनं."

चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी त्यांच्याकडे गेलो होतो. ओवाळून झालं, जेवण झालं आणि मी नेहमीसारखी माझी टिमकी वाजवायला बसलो. अमुक कंपनीचे डायरेक्टर कसे माझ्या यादीत आहेत, तमुक साहेबांनी माझ्या लेखाखाली काय लिहिलं. दाजी कौतुकानं ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्यासारखा मानूस चालतो व्हय तिथं?" मी म्हणालो, न चालायला काय झालं. खरं सांगायचं तर माझ्या मनात होतं की आकड्यात एकानं भर. मी तिथल्या तिथं खातं उघडायला घेतलं. फोटो लागेल म्हटल्यावर मात्र दाजींनी मला थांबवलं. "आज नगं. लोकं तोंड बघनार, मग तोंडाखालचं बी नीट पाहिजे." दुसऱ्या दिवशी ते गुलमंडीला गेले, पांढऱ्या शर्टाचं कापड घेतलं, शिवून आणलं आणि आठवड्यानं स्टुडिओत फोटो काढला. फोटोवाला हसा म्हणत होता, हे हसेनात. "हसायचं कामून? कामाची जागा हाय ती." तो फोटो मी चढवला. हनुवटी वर, ओठ मिटलेले, नजर थेट समोर. आज पडेगावच्या घरी चंदनाच्या हारात आहे तो हाच.

मला वाटलं होतं, चार दिवसांची हौस. पण दाजींनी ती गोष्ट इतकी गांभीर्यानं घेतली, की मीच ओशाळलो. मी शिकवतो की विनंती स्वीकारली की समोरच्याच्या कामाची एका ओळीत तारीफ करावी आणि पुढं सरकावं. दाजींचं गणित वेगळं होतं. "मानूस दारात आल्यावर पानी इचारत्यात का नाय?" म्हणून ते प्रत्येक नव्या माणसाला पत्र लिहायचे. 'स. न. वि. वि., आपली ओळख झाली, आनंद वाटला. आपल्याकडे प्रेस किती टनाचे आहे? सध्या काही अडले आहे काय?' खाली 'कळावे, लोभ असावा', पूर्ण नाव, मुक्काम पडेगाव. परराज्यातला माणूस असला की मनीषाला बसवून हेच हिंदीत लिहून घ्यायचे. मनीषा एका लॅबमध्ये कामाला, थकून यायची, तरी बिचारी लिहायची. मी हसलो होतो. हसण्यासारखंच होतं ते. पण लोक उत्तरं द्यायला लागले. राजकोटचा कुणी, लुधियान्याचा कुणी, इचलकरंजीचा कुणी… सगळे प्रेसवाले, साचे करणारे डायवाले, छोट्या शेडमधले, ज्यांना माझ्यासारखा माणूस कधी विनंती पाठवत नाही. अडलेलं तर सगळ्यांचंच काही ना काही होतं. ते चालत्या प्रेसचा दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ पाठवायचे. दाजी तो बघायचे नाहीत. फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा ऐकायचे, आणि मग सांगायचे.

आणि रोज दिवेलागणीला एक कार्यक्रम असे. ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून ते फोनमधली यादी वरून खालपर्यंत बघायचे. एकेका फोटोवर थांबायचे, पुढं जायचे. दोन-अडीचशे माणसं असतील. "काय बघता एवढं?" मी एकदा विचारलं. "तोंडं," ते म्हणाले. एखादा बरेच दिवस काही लिहिताना दिसला नाही, की त्याला मेसेज जायचा, 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. सगळं बरं आहे ना?' बस, एवढंच. मला तो म्हाताऱ्या माणसाचा टाइमपास वाटला. माणूस पाण्यात पोहत असून तहानेनं मरतो म्हणतात, तशी माझी गत. मी दर महिन्याला तीन सभागृहांत या विषयावर घसा कोरडा करायचो आणि माझ्या डोळ्यांसमोर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

माझी अडचण वेगळीच होती. दाजी माझ्या लेखांखालीही पत्रं लिहायचे. मी 'नेतृत्वाची पाच सूत्रं' असं काहीतरी झाडायचो. खाली मुंबई-पुण्याचे साहेब इंग्रजीत दोन शब्द टाकायचे, आणि त्यांच्या मधोमध दाजी. 'प्रिय प्रमोद, अनेक आशीर्वाद. लेख वाचला. तिसरे सूत्र नीट समजले नाही, भेटीअंती सांगणे. अक्काने शेंगदाण्याची चटणी पाठवली होती ती पोचली काय? डबा परत देणे.' एका साहेबानं त्याखाली हसरा चेहरा टाकला. तो प्रेमानं टाकला असेल, मला काय माहीत. मला मात्र कान तापल्यासारखं झालं. मी पुंडलिकनगरच्या घरी बसून एकटाच लाजलो. एकतीस हजार लोकांसमोर कुणीतरी माझी लहानपणची चड्डी दोरीवर वाळत घातली आहे असं वाटलं. दाजींना फोन करून सांगायला हवं होतं, की दाजी, असं तिथं नका लिहू, मला एकट्याला लिहा. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मी गुपचूप त्यांची पत्रं पुसायला लागलो. दाजींना वाटायचं, आपलंच बटण चुकलं असेल. ते पुन्हा लिहायचे.

मग ती चहाच्या पेल्याची गोष्ट. ती दाजींनी मला कितीदा सांगितली असेल. ते कारखान्यात नवे असताना एका प्रेसचा साचा सारखा तडकत होता. बाहेरून इंजिनिअर आले, पोलाद बदललं, तरी पंधरा दिवसांत पुन्हा तडा. दाजींनी एक दिवस चालू प्रेसच्या बैठकीवर काठोकाठ भरलेला चहाचा पेला ठेवला. साहेब धावून आले, यंत्रावर चहा ठेवतोस, अक्कल आहे का? दाजी म्हणाले, साहेब, जरा थांबा, कुठल्या अंगाला सांडतोय बघा. चहा दर ठोक्याला एकाच बाजूला सांडत होता. प्रेसच्या पायाखालची पट्टी त्या बाजूनं दबली होती आणि अख्खं यंत्र डोळ्यांना दिसणार नाही इतकं कललं होतं. पट्टी बदलली, साचा वर्षभर टिकला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी ही गोष्ट लिहिली. फक्त त्यात दाजी नव्हते. 'माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत' अशी मी सुरुवात केली, आणि पेला माझ्या हातात दिला. मी आयुष्यात प्रेसला हात लावलेला नाही. मुद्दाम चोरी करायची असं ठरवलं नव्हतं. लिहिताना 'मी' म्हटलं की वाक्य बरं वाटत होतं, म्हणून लिहीत गेलो. चोर दुसरं काय सांगणार म्हणा.

तो लेख माझ्या सगळ्या लेखांत जास्त चालला. हजारो लोकांनी वाचला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीच्या बाईंनी खाली लिहिलं, की असा अनुभव असलेला माणूस आम्हाला प्रशिक्षणाला हवा आहे. मी हवेत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बाईंच्या बरोबर खाली पत्र उमटलं. 'प्रिय प्रमोद, अनेक आशीर्वाद. लेख लई आवडला. वाचताना तो दिवस डोळ्यांपुढे आला. फक्त एक बारीक दुरुस्ती. चहा मी ठेवला होता. तू तेव्हा सातवीत होतास आणि तुला गोवर निघाला होता. त्यासाठी अक्का माहेरी आली होती, म्हणून माझ्या पक्के ध्यानात आहे. बाकी सर्व बरोबर. तुझा, दाजी.'

त्यात टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. आयुष्यभर साचे बसवलेला माणूस. केसभर फरक दिसला की सांगायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना खरोखर वाटलं असणार, की पोराच्या आठवणीत गडबड झाली. मी ते पत्र मिनिटाच्या आत पुसलं. पुन्हा लिहितील, ही भीती होती. म्हणून त्यांच्या नावावर गेलो, खालचं बटण दाबलं. 'खात्री आहे का?' असं विचारतात तिथं. मी हो म्हणालो. पुण्याचं काम मला मिळालं. त्या कंपनीत मी चहाच्या पेल्याची गोष्ट सांगूनच सुरुवात केली आणि तिथंही लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात. माझ्यापाशी दोन्ही नव्हती.

त्यानंतर काहीच घडलं नाही. दाजींनी विषय काढला नाही. पूर्वी भेटले की 'परवाचा लेख वाचला बरं' म्हणायचे, ते मात्र बंद झालं. मी सोयीनं समजूत करून घेतली, की अडीचशे माणसांत एक दिसेनासा झाला तर म्हाताऱ्याला काय पत्ता लागणार. त्याच सुमारास दाजींना एक नवी खोड लागली. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला, त्यांचा फोन यायचा. "प्रमोद, बरं हाय ना तुझं?" मी म्हणायचो, हो हो, जरा घाईत आहे. "बास, बास. एवढंच इचारायचं व्हतं." फोन बंद. ना चटणी, ना डबा, ना अक्काच्या गुडघ्यांची चौकशी. चोराच्या मनात चांदणं, तसा मी दर वेळी दचकायचो, की आज काढतात विषय. ते कधी काढायचे नाहीत. पुढं पुढं मला त्याचा वैताग यायला लागला. राखीपौर्णिमेला मी पडेगावला गेलो, ती शेवटची भेट. निघताना दाजी फाटकापर्यंत आले. गाडीच्या खिडकीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मी म्हणालो, काय बघता दाजी? "काय नाय. जाय, अंधार पडंल." ते गेले त्याच्या चार दिवस आधी त्यांचा शेवटचा फोन आला. मी उचलला नाही. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' हा तयार मेसेज फोननं आपोआप पाठवला.

दहाव्याला घरापुढं मांडव होता. भावकी होती, कारखान्यातले जुने लोक होते. आणि काही अशी माणसं होती, ज्यांना आमच्यातलं कुणीच ओळखत नव्हतं. इचलकरंजीहून दोघं आले होते. राजकोटहून जयेशभाई नावाचे गृहस्थ रात्रभर बसमध्ये बसून आले होते. त्यांनी दाजींना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यांची छोटी शेड होती, दोन प्रेस. ते बंद करायच्या बेतात असताना दाजींनी तीन महिने रोज व्हिडिओ ऐकून ऐकून त्यांचं काम सुरळीत केलं होतं. मनीषानं माझी ओळख करून दिली तशी जयेशभाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "आप प्रमोदभाई? सोपानभाई हर किसी को बोलते थे, मेरे साले साब ने मुझे ये दुनिया दिखाई. वो बहुत बड़े आदमी हैं।" मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं. जयेशभाईंना माझ्याशीही जोडलं जायचं होतं. ते म्हणाले, सोपानभाईंच्या यादीत तुम्ही असणारच, तिथूनच घेतो. त्यांनी फोन काढला, नाव टाकलं. "दिख नहीं रहे…" पुन्हा टाकलं. आजूबाजूची दोन-चार माणसं वाकून बघायला लागली. तेवढ्यात मनीषा पुढं झाली आणि म्हणाली, "मामा घर के हैं ना, उनको वहाँ कौन रखता है? आप चलिए, खाना खा लीजिए।" आणि त्यांना पंगतीकडे घेऊन गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

लोक पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का भिंतीला टेकून बसली होती, मनीषा भांडी आवरत होती. मला आता राहवेना. "मने, दाजींना कळलं होतं?"

"त्याच संध्याकाळी," ती म्हणाली. पातेलं पुसत राहिली. "ओट्यावर बसले होते. मला हाक मारली, म्हणाले, मने, मामा दिसंना गं. मी बघितलं, मला लगेच कळलं. सांगितलं, मामांनी तुम्हाला ब्लॉक केलंय बाबा. ब्लॉक म्हंजे काय, विचारलं. तेही सांगितलं. मी तुम्हाला फोन लावत होते मामा, लई राग आला होता मला. त्यांनी माझ्या हातातनं फोन काढून घेतला. म्हणाले, त्याला काय बोलू नकु. चूक माझी हाय. मानसाची दुरुस्ती चारचौघांत सांगायची नसती, बाजूला घिऊन सांगायची असती. कारखान्यात मी कदी चुकलो नाय, हितं चुकलो."

तेवढ्यात अक्का म्हणाली, अगदी सहज, जसं काही मला हे ठाऊकच आहे, "मंग तुला फोन कराया लागले ना. म्हनायचे, आता तिथं दिसत नाय त्यो, त्याला इचारून घ्यावं लागतं."

मी तिथंच चुलीशेजारच्या पाटावर बसलो. अकरा महिने, दर आठवड्याला, दिवेलागणीला… मी ज्या फोनला वैतागत होतो, तो हा होता. वाघरीच्या तोंडाशी उभा राहून एक माणूस न आलेल्या मेंढराला हुडकायला पुन्हा पुन्हा मागं येत होता, आणि मारायचं नाही म्हणून एक शब्दही बोलत नव्हता. अक्कानं मला पाणी दिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका दुपारी, मी दोन गोष्टी केल्या. चहाच्या पेल्याचा लेख उघडून त्यात दुरुस्ती केली. चहा सोपानरावांनी ठेवला होता, मी तेव्हा सातवीत होतो आणि मला गोवर निघाला होता, असं सगळं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. आठवडा झाला, एकतीस हजारांतल्या एकानंही त्याची दखल घेतलेली नाही. जुना लेख परत कोण वाचतो? तुमच्यापैकी कुणी तो पूर्वी माझ्या नावावर वाचला असेल, किंवा माझ्या तोंडून ऐकला असेल, तर कृपा करून हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे दाजींवरचा ब्लॉक काढला आणि त्यांना विनंती पाठवली. का पाठवली, विचारू नका. विनंतीबरोबर दोन वाक्यं लिहायची सोय असते. ती कशी लिहावीत हे मी दीडशे दीडशे पोरांना शिकवलं आहे. तासभर बसलो, एक वाक्य सुचलं नाही. तशीच पाठवली.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी माझा फोन वाजला आणि त्यावर नाव आलं, 'दाजी'. उचलला तर अक्का होती. तिनं त्यांचा फोन अजून चार्ज करून ठेवला आहे. रोज संध्याकाळी त्यांच्या खुर्चीत बसते आणि यादी उघडते. "मला इंग्रजी वाचता येत नाय," ती म्हणाली, "पर तोंडं बघते. त्यांनी रोज बघितल्याली. कुनीतरी बघाया पाहिजे ना?" मग म्हणाली, "पमू, आज तुझा फोटू आलाय हितं. खाली दोन चौकोन हायत, एक निळा हाय. कुठला दाबू?"

सांगायला एक शब्द पुरला असता. निळा दाब, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? आणि दाबू नको म्हणायचीही हिंमत होत नव्हती. पलीकडे ओट्यावर बसलेली अक्का वाट बघत राहिली.

"पमू," अक्का म्हणाली, "बरं हाय ना तुझं?"

"नाय अक्का," मी म्हणालो. "बरं नाय."